बलकाचा रंग आणि कोंबडीचं खाणं

एकांनी लिहिलंय की गावरान अंड्याचा बलक केशरी असतो, म्हणजे त्यात 'अ' जीवनसत्त्व जास्त. इथे थोडी गफलत होतेय. बलक रंगतो तो मुख्यतः ल्युटिन आणि झिअ‍ॅझँथिन या पिवळ्या रंगद्रव्यांमुळे, आणि या दोघांपासून 'अ' जीवनसत्त्व बनत नाही. ज्यापासून बनतं ते बीटा-कॅरोटीन बलकात फारसं उतरतच नाही.

कोंबडीला ही रंगद्रव्यं स्वतः बनवता येत नाहीत, सगळी खाण्यातून येतात. आमच्या आजीच्या कोंबड्या पावसाळ्यात परसातलं गवत, पाला टिपायच्या, तेव्हा बलक अगदी झेंडूसारखा. उन्हाळ्यात नुसत्या तांदळाच्या कण्यांवर आल्या की फिका पिवळा. कोंबड्या त्याच! खाणं बदललं की साधारण दहा-बारा दिवसांत फरक दिसतो, कारण बलक भरायला तेवढे दिवस लागतात.

झेंडूवरून आठवलं, पोल्ट्रीच्या खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क घालतात, तो याच ल्युटिनसाठी. लालसर छटा हवी असेल तर मिरचीचा. त्यामुळे केशरी बलक दिसला म्हणून कोंबडी मोकळी फिरलीय असं धरून चालू नका. आणि कवचाच्या तपकिरी रंगाचा या सगळ्याशी संबंध नाही, ते रंगद्रव्य कोंबडीच्या अंगातच तयार होतं.