प्रतिसाद: इच्छाशक्तीपेक्षा कॅलेंडर बघा

जलसंधारणाचा निधी खर्च न होता पडून राहतो तो अधिकाऱ्यांच्या इच्छाशक्तीअभावी, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. जलयुक्त शिवार या राज्य सरकारच्या जलसंधारण योजनेचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०१४ मध्ये योजना आली, २०१९ पर्यंत टंचाईमुक्त महाराष्ट्र हे उद्दिष्ट, वर्षाला ५,००० गावं. आता शिवारात जाऊन बघा. रब्बीची ज्वारी, हरभरा उभा असताना कोणता शेतकरी बांधावरून जेसीबी जाऊ देईल? रान मोकळं होतं मार्चमध्ये, आणि ७ जूनला मृग. म्हणजे मातीकामाला खरे दोन-अडीच महिने. त्यात ऐन मोसमात ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, खर्च दाखवायची घाई होते. त्याआधी शिवारफेरी (रानात फिरून पाहणी), गाव आराखडा, ग्रामसभा, तांत्रिक मान्यता, निविदा हे सगळं उरकलेलं हवं. २०१९ ला तर १० मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली ती मे अखेरीपर्यंत, नवं काम सुरू करायची सोय नाही. आणि आदल्याच ऑक्टोबरात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झालेला!

या घाईचा खरा फटका कामाच्या निवडीला बसतो. माथा ते पायथा उपचार म्हणजे आधी वर डोंगरउतारावर समतल चर (उताराला आडवे खणलेले), मग बांधबंदिस्ती, शेवटी नाला. पण नाला खोलीकरण मशीनने झटपट होतं, मोजमाप पुस्तिकेत आकडा भरतो, बिल निघतं. वरची माती तशीच वाहत येते आणि खोल केलेला नाला पुन्हा गाळाने भरतो. म्हणून माझं ठाम मत आहे की पाणलोटाच्या, म्हणजे अशा माती-पाणी अडवण्याच्या कामांच्या निधीला मार्चची मुदत नकोच. आराखडे पावसाळ्यात, मान्यता दिवाळीपर्यंत, आणि हिशोब जूननंतर घ्या.