मदत हवी आहे: मुलाच्या जेवणाच्या वेळा घरच्यांना कशा पटवू?

नमस्कार. आम्ही बेळगावात, शहापूरला राहतो. मुलगा 14 वर्षांचा, वजन 82 किलो. मानेवर काळपट पट्टा दिसला म्हणून डॉक्टरांकडे नेलं. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण, असं त्या म्हणाल्या. त्यांच्याच देखरेखीखाली सकाळी 11 ते संध्याकाळी 7 एवढ्या वेळातच खाणं ठरलंय, नंतर फक्त पाणी. कॅलरी मोजायच्या नाहीत, हे त्याला आवडलं.

अडचण घरातली आहे. ह्यांचं दुकान साडेनऊला बंद होतं, मग सगळे एकत्र जेवतात आणि पोरगं नुसतं ताटांकडे बघत बसतं. सासूबाई म्हणतात, "वाढत्या पोराला उपाशी ठेवतीस काय गं?" परवा रात्री पाणी प्यायला उठले, तर अंधारात आजी वाटीतला कुंदा नातवाला चमच्याने भरवत होत्या. मला रागवताही येईना. त्यांचा जीव आहे त्याच्यावर.

कुणी मुलांसाठी असं केलंय का? सासूबाईंना कसं समजावलंत? जेवणाची वेळ सगळ्यांनीच बदललीत का? आणि शाळेत सकाळी भूक लागली तर काय करता? जाड्या म्हणून चिडवतात त्याला. कृपया अनुभव सांगा.