डीप ब्लू आयबीएमचा, मग पिट्सबर्गच्या पोरांनी काय गोट्या खेळल्या?

घोडेअडीच
हत्तीमहाराजांनी काल दुसऱ्या एका चर्चेत ठोकून दिलं की बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्ह याला हरवणारा संगणक डीप ब्लू म्हणजे पैसा आयबीएमचा आणि अक्कलही आयबीएमचीच, विद्यापीठं नुसते पेपर छापतात. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं. म्हणून हा वेगळा धागा.

महाराज, ते यंत्र जन्मलं पिट्सबर्गला, कार्नेगी मेलन विद्यापीठात. तिथे हान्स बर्लिनर यांचं हायटेक नावाचं बुद्धिबळ खेळणारं यंत्र होतं. बर्लिनर म्हणजे पत्राने खेळायच्या बुद्धिबळातले माजी जगज्जेते, साधा माणूस नव्हे. हायटेकला चाली शोधायला ६४ चिप लागायच्या, पटाच्या प्रत्येक घराला एक. फेंग-श्युंग श्यू नावाच्या पीएचडीच्या पोराने १९८५ मध्ये बेल लॅब्जच्या 'बेल' यंत्राची रचना उचलली आणि हेच काम एका चिपमध्ये कोंबलं. मग अनंतरामन आणि मरे कॅम्पबेल येऊन मिळाले. आधी चिपटेस्ट, त्यातून डीप थॉट. सेकंदाला पटावरच्या सुमारे सात लाख स्थिती तपासायचं. १९८८ च्या नोव्हेंबरात लाँग बीचच्या स्पर्धेत त्याने बेंट लार्सन या ग्रँडमास्टरला लोळवलं आणि दुसरा ग्रँडमास्टर टोनी माइल्स याच्याबरोबर पहिला नंबर वाटून घेतला. आयबीएम उगवली १९८९ मध्ये, पोरांना नोकरीवर घेतलं आणि डीप थॉटचाच पुढे डीप ब्लू झाला! तयार पोरं, तयार रचना. मग अक्कल कुणाची?

हत्तीमहाराज
माझ्या नावाने धागा, धन्य झालो.
लार्सनपाशीच का थांबलात? पुढचं सांगायला लाज वाटली? १९८९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला कास्पारोव्हने याच डीप थॉटला २-० असं धुतलं. १९९७ च्या मे महिन्यात तोच कास्पारोव्ह डीप ब्लूकडून ३.५-२.५ ने हरला. मधली आठ वर्षं पगार कोण देत होतं? नव्याने केलेल्या ४८० चिप, सेकंदाला वीस कोटी स्थिती, ओपनिंगची तयारी करून घ्यायला जोएल बेंजामिनसारखा ग्रँडमास्टर. कुठल्या डिपार्टमेंटच्या बजेटात बसतं हे? तुमच्या कार्नेगीच्याच हर्बर्ट सायमन यांनी १९५७ मध्ये सांगितलं होतं, दहा वर्षांत संगणक जगज्जेता होईल म्हणून. चाळीस लागली. भविष्य सांगायला पैसे पडत नाहीत.

उंटावरचा_शहाणा
एक दुरुस्ती. १९८८ मध्येच, लार्सनच्या आधी, हायटेकने आर्नोल्ड डेंकर या ग्रँडमास्टरला चार डावांच्या सामन्यात ३.५-०.५ ने हरवलं होतं. बर्लिनरना इतक्या सहज कोपऱ्यात बसवू नका.

सिसिलियन
डेंकर तेव्हा ७४ वर्षांचे होते हो! आणि ग्रँडमास्टर किताब १९८१ मध्ये मानद मिळालेला. याला विक्रम म्हणायचं तर आमच्या गल्लीतले सगळे विक्रमवीर.

उंटावरचा_शहाणा
वय काढायचं काम नाही. माझे सासरे पंचाहत्तरीत आहेत आणि मला अजून वजीर काढून खेळतात.

थीसिसग्रस्त
बर्लिनर-बर्लिनर काय लावलंय? ते श्यूचे गाईड नव्हतेच. गाईड होते एच. टी. कुंग. विद्यापीठातल्या बड्या माणसाचं यंत्र समोर उभं असताना हा पोरगा स्वतःचं वेगळं उभं करतो आणि पीएचडीही त्याच विषयात होते. कॅम्पबेल तर बर्लिनरच्या हायटेकवरच काम करत होता, तो इकडे आला. आपल्याकडे करून दाखवा! मी विषयात जरासा बदल मागितला तर गाईडने दीड वर्ष सही अडवली. तोवर मी काय केलं? त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटल्या. भर मे महिन्यात, स्कूटरवर. पेट्रोल माझं. नंतर पेपर छापून आला तर पहिलं नाव त्यांचं, दुसरं त्यांच्या मेहुण्याचं.

चिमणरावांची_चिप
+१. माझं नाव तर आभारात होतं. तेही चुकीचं छापलेलं.

मास्तरीणबाई
मी गाईड आहे, आता माझंही ऐका. विद्यार्थी सहा-सहा महिने फोन उचलत नाही. शेवटच्या आठवड्यात चारशे पानं आणून आपटतो आणि म्हणतो, मॅडम, उद्या सही हवीय. तिसऱ्या प्रकरणात दुसऱ्याच कॉलेजचं नाव राहिलेलं असतं. श्यू निपजायला आधी चिपचा नकाशा हाताने काढत बसायची तयारी लागते. ती आहे का?

थीसिसग्रस्त
बाई, पत्रिका वाटणारा मी होतो, कॉपी मारणारा नाही. सगळ्यांना एकाच दावणीला बांधू नका.

मास्तरीणबाई
मग तुम्हीही सगळ्या गाईडना बांधू नका. आणि 'बाई' असं तुसडेपणाने लिहायचं कारण नाही.

थीसिसग्रस्त
आयडी तुम्हीच घेतलाय.

हत्तीमहाराज
तुमचं लग्नकार्य उरकलं असेल तर मुद्द्यावर येऊ? थीसिसग्रस्तांच्या बोलण्यातून निघालं ते एवढंच, की विद्यापीठाने काही केलं नाही, फक्त आडवं आलं नाही. यालाच भूमिका म्हणायचं का?

घोडेअडीच
हो, म्हणायचं! आडवं न येणं ही फुकटची गोष्ट वाटते, कारण ती पावतीवर दिसत नाही. शिवाय नुसतं तेवढंच नव्हतं. तेव्हा मोसिस योजनेतून अमेरिकी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या चिप सरकारी पैशाने बनवून मिळायच्या. श्यूची चिपही तशीच बनली. कुठली कंपनी एका विद्यार्थ्याच्या पहिल्याच चिपवर पैसा लावणार होती? यंत्राने जगज्जेत्याला हरवलं तर एक लाख डॉलर, हे फ्रेडकिन बक्षीसही १९८० पासून कार्नेगी मेलननेच सांभाळलं. ते शेवटी श्यू, कॅम्पबेल आणि आयबीएमचा होन या तिघांना मिळालं. त्यातले दोघं कुठले, तुम्हीच सांगा.

सिसिलियन
आणि अनंतरामन? बनारसला शिकलेला आपला माणूस. एक लाखाच्या वेळी त्याचं नाव नाही!

घोडेअडीच
तो आयबीएममधून लवकर बाहेर पडला होता. डीप थॉटला १९८९ मध्ये फ्रेडकिनचंच दहा हजार डॉलरचं मधलं बक्षीस मिळालं होतं, ते त्याच्या काळातलं. प्रत्येक गोष्टीत अन्याय शोधू नका.

हत्तीमहाराज
बरं बाबा, सरकारी पैशाचं मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण सोयीने विसरलो होतो असं समजा. बाळंतपण पिट्सबर्गला झालं, मान्य. वाढवलं मात्र आयबीएमनेच, आणि २-० चं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही. हलके घ्या.

घोडेअडीच
२-० च्या वेळी ती पोरं आयबीएमच्याच पगारावर होती, महाराज. तो पराभव आमच्या खात्यात कसा?

हत्तीमहाराज
यंत्र कुणाचं होतं?

घोडेअडीच
आत्ता म्हणालात ना, अक्कल आयबीएमची म्हणून?

उंटावरचा_शहाणा
डेंकरचं काय ठरलं मग?