दिवाळीचा किल्ला: बाबांनो, तुमची रीत सांगा

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकून आलेलं पोर दप्तर फेकता फेकताच विचारतं, "बाबा, माती कधी आणायची?" त्या प्रश्नाच्या तयारीसाठी हा धागा. किल्ला करणाऱ्या बाबांनी आपापली रीत लिहा. माती कोणती, किती, काय फसतं आणि का फसतं, एवढं आलं की पुरे. पहिल्यांदाच घमेलं उचलणाऱ्याला वाचून काम सुरू करता आलं पाहिजे.

पुणे, अंगणातला किल्ला

चार बाय तीन फुटांच्या किल्ल्याला लाल माती 6 घमेली लागते. पोट भरायला विटांचे तुकडे, दगड, फुटक्या कुंड्या घ्या. सगळा डोंगर मातीचाच केला तर वजनानं खाली बसतो आणि आतली माती दिवाळी संपेपर्यंत वाळत नाही.

खाली जाड प्लॅस्टिक अंथरा, नाहीतर फरशीवर लाल डाग राहतात. दगडांची रास मागच्या बाजूला उंच, पुढे उतरती. त्यावर गोणपाट टाकायचं, पण कोरडं नाही. बादलीत मातीची इडलीच्या पिठाइतकी रबडी कालवा, गोणपाट तीत बुडवून काढा आणि मग दगडांवर पांघरा. कोरड्या गोणपाटावर माती धरत नाही, वाळली की पापुद्रे सुटतात. ओल्या गोणपाटाला बोटांनी चिमटे काढले की सोंडा आणि घळी आपोआप तयार होतात. हे चिमटे काढायचं काम लहान मुलांना द्या. त्यांच्या बोटांनी पडलेल्या घळी मोठ्यांच्या हातापेक्षा जास्त खऱ्या दिसतात.

लिंपण वरून खाली करत या. खालून सुरुवात केली की वरचा चिखल ओघळून केलेलं काम बुजवतो.

सोलापूर

वरच्या लिंपणात मातीची जात महत्त्वाची. आमच्या भागात काळी माती फुकट मिळते, पण ती एकटी वापरू नका. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि दुसऱ्या दिवशी बुरुजावर करंगळी जाईल एवढी भेग असते. तीन भाग माती, एक भाग बारीक वाळू आणि घमेल्याला दोन मुठी भुसा असं मिश्रण ठेवा. भुसा चिखलाला आतून धरून ठेवतो. थर बोटभर जाडीचेच द्या. पहिला दिवसभर सावलीत सुकू द्यायचा, मग दुसरा. उन्हात घाई केली तर वरची साय वाळते, आतला गाळ ओलाच राहतो आणि भेगा पडतात. तरी भेग पडलीच तर कोरडी माती भरू नका. पाण्याचा हात फिरवून पातळ रबडी बोटानं चोळा.

सातारा

सगळे गवतावर येऊन अडतात, म्हणून हळिवाबद्दल सविस्तर.

वसुबारसेला हिरवळ हवी तर चार दिवस आधी पेरा. चार बाय तीनच्या किल्ल्याला 50 ग्रॅम हळीव पुरतात. वाटीत हळीव बुडतील एवढंच पाणी घालून वीस मिनिटं ठेवा. दाण्याभोवती बुळबुळीत आवरण येतं, तोच त्याचा डिंक. त्या डिंकामुळे दाणा उभ्या कड्यावरसुद्धा चिकटतो. मोहरीला तो इतका नसतो, म्हणून मोहरी सपाटीवर आणि हळीव उतारावर. चमच्याच्या पाठीनं पातळ पसरा. दाट पेरले तर मुळांना माती मिळत नाही आणि पाचव्या दिवशी चटईसारखा सगळा थर उचकटून येतो.

पहिला दीड दिवस ओलं फडकं झाका, कारण मुंग्या दाणे वाहून नेतात आणि चिमण्या टिपतात. कोंब दिसले की फडकं काढा. पाणी फवाऱ्यानंच द्या. मुलं प्रेमानं तांब्या ओततात आणि अख्खा उतार तळ्यात जातो. फवाऱ्याची बाटली मुलांच्याच हातात दिली आणि "सकाळी वीस, संध्याकाळी वीस" असं मोजायला लावलं की उतारही वाचतो आणि वीस आकडा चुकवून पुन्हा एकपासून मोजण्यातली त्यांची खुशीही बघायला मिळते.

ठाणे, चौथा मजला

अंगण नाही त्यांनी जलदुर्ग करावा. डोंगर नसल्यानं वजन कमी. ओल्या मातीचं एक घमेलं 20 ते 25 किलो भरतं, ते गॅलरीत नेताना विचार करावा लागतो. जलदुर्गाला दोन घमेली खूप.

सिंधुदुर्ग निवडा. मालवणजवळच्या कुरटे बेटावर 1664 साली त्याचं काम सुरू झालं. बेट ओबडधोबड आहे, म्हणून तटही नागमोडी घ्या. सरळ चौकोन केला की सिंधुदुर्ग राहत नाही. जुन्या वर्तमानपत्राचा लगदा एक दिवस भिजवून, पिळून, मैद्याच्या खळीत मळा आणि तीन इंच उंचीचा तट उभा करा. त्याला लाल मातीचा हात दिला की दगडी दिसतो. बेट मोठ्या ताटात बसवून भोवती पाणी सोडायचं असेल तर तटाच्या तळाला मेण चोळा, नाहीतर लगदा पाणी ओढतो आणि तिसऱ्या दिवशी तट वाकतो. आत तीन बाटल्यांची झाकणं पुरली की दूधबाव, दहीबाव, साखरबाव झाल्या. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी कशा, हा प्रश्न मुलांकडून येतोच. उत्तर तयार ठेवा.

कोल्हापूर

नकाशावरून किल्ला करणाऱ्यांसाठी. उंची नेहमी नकाशाच्या प्रमाणापेक्षा दुप्पट धरा. खऱ्या प्रमाणात केलेला राजगड चार फुटांच्या जागेत भाकरीसारखा चपटा दिसतो. राजगडाला आधी बालेकिल्ला उभारा, मग पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या (बालेकिल्ल्याखालच्या तटबंदीच्या सोंडा) तीन दिशांना काढा. संजीवनीची दुहेरी, चिलखती तटबंदी करायला दोन पुठ्ठ्याच्या पट्ट्या अर्धा इंच अंतरावर रोवा आणि मगच बाहेरून लिंपा. आधी लिंपून मग फट कोरायला गेलं की तट ढासळतो.

रायगडाचा महादरवाजा करताना तो समोरून दिसता कामा नये. दोन बुरूज पुढे घ्या, वाट त्यांच्यामधून वळवा. झाल्यावर मुलाला खेळण्यातला ट्रक देऊन वेगात दारावर आदळायला सांगा. ट्रक आधी बुरुजाला धडकतो, वळताना वेग जातो. हत्तीचंही तेच व्हायचं. गोमुखी दरवाजा एका मिनिटात कळतो, आणि पुढचा तासभर अंगणात ट्रकच्या स्वाऱ्या चालतात. त्या चालू द्या, बुरूज पुन्हा लिंपता येतो.

नाशिक

कारंजं: ठिबकची 4 मिलिमीटरची नळी, एक लिटरची बाटली, संपलेल्या रिफिलचं टोक. टोकातली बारीक गोळी काढा. बाटली उलटी करून कारंज्यापेक्षा तीन फूट उंच टांगा आणि तिच्या बुडाला सुईनं भोक पाडा. ते भोक नसेल तर बाटलीत हवा शिरत नाही आणि धार थांबत थांबत येते. नळीत बुडबुडा अडकला तरी धार बंद पडते, म्हणून आधी नळी पाण्यानं पूर्ण भरून घ्या. नळीतल्या घर्षणामुळे पाणी बाटलीच्या उंचीइतकं उडत नाही. फूटभर उडालं तरी छान.

दिव्यांची माळ तळ्यापासून लांब, जोड उंचावर. पणत्या पायथ्याला, भुसा आणि पुठ्ठ्यापासून दूर.

न्यू जर्सी

थंडीत हळीव घरात, खिडकीशी उगवावे लागतात. एक-दोन दिवस जास्त धरा. मावळे मिळत नसतील तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, एक वाटी कोमट पाणी मळून करा. पाण्याचा शेवटचा घोट हळूहळू घाला. सैल पिठाचे मावळे वाळताना गुडघ्यात बसतात. आतून काडेपेटीची काडी घाला, दोन दिवस वाळवा, मग रंगवा.

मोठे मावळे पुढे, छोटे वर मागे ठेवले की किल्ला खोल वाटतो. महाराजांची मूर्ती सिंहासनावर सर्वांत वर, हा नियम कुणीच मोडत नाही. बाकी मांडणी मुलांची. पायथ्याशी बस थांबा, तळ्यात बदक, टेहळणीला डायनासोर, सगळं राहू दे.

सातारा, पुन्हा

मोडण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. तुळशीच्या लग्नानंतर मावळे एकेक करून कागदात गुंडाळा. हळिवाची मुळं झटकून माती दोन दिवस उन्हात पसरा, चाळा आणि कोरड्या पोत्यात बांधून ठेवा. रंग लागलेली माती वेगळी काढा, कुंड्यांना घालू नका. गोणपाट धुऊन वाळवलं की आणखी दोन वर्षं चालतं.