शब्दचर्चा: पेट्रोल टाकीचा ‘फिलर’ – भरणमुख, गळा की तोंड?

प्रश्न:
आमच्याकडे १९७१ सालची शेव्हरोले सी-१० आहे. इथे मिशिगनमध्ये तिला ट्रक म्हणतात, पण आपल्याला ट्रक म्हटल्यावर जे आठवतं ते हे नव्हे. ही पिकअप. तिची पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या मागे उभी असते. सुमारे २० गॅलनची, म्हणजे पंचाहत्तरेक लिटर पेट्रोल ड्रायव्हरच्या पाठीला टेकलेलं. १९६७ ते १९७२ च्या घडणीत हे असंच होतं. १९७३ च्या घडणीत कंपनीनेच टाकी केबिनबाहेर, चासीच्या कडेला नेली. जुन्या गाड्या हौसेने उभ्या करणारे बरेच लोक आता ती मागच्या अॅक्सलच्या पलीकडे नेतात. चासीच्या दोन पट्ट्यांमध्ये, स्टेपनी टांगतात त्या जागी. आम्हीही तेच करतोय.

टाकी मागे गेली की केबिनच्या बाजूचं पेट्रोल भरायचं भोक पत्रा जोडून बुजवायचं आणि नवीन ‘फिलर’ द्यायचा. माझे बाबा एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेत, त्यांना सगळं सविस्तर कळवायचं असतं. मी लिहिलं, “गॅस टँक हलवला, आता नवा फिलर बसवतोय.” त्यांनी विचारलं, “गाडी गॅसवर करताय का?” माझ्या वाक्यातून दुसरा अर्थ निघतच नव्हता. ‘फिलर’ला ‘भरणमुख’ म्हणावं असं वाटतंय. चालेल?

प्रतिसाद:
गॅसचं आधी. तिकडचा ‘गॅस’ म्हणजे गॅसोलिनचं तोकडं रूप. मराठीत गॅस म्हणजे शेगडी, सिलिंडर, नाहीतर सीएनजी. तिथे सरळ ‘पेट्रोल’ लिहा.

प्रतिसाद:
ताई, ‘भरणमुख’ चूक नाही, पण तो सरकारी फलकावरचा शब्द आहे. तुमच्या बाबांनी नोकरीभर टाक्या हाताळल्या, त्यांच्या तोंडी तो कधी आला असेल का? विचारून बघा.

माझ्या मते खरी अडचण ‘फिलर’ या शब्दातच आहे. एका शब्दात तीनचार वस्तू दडल्या आहेत. आपल्याकडे घागरीला, रांजणाला, बरणीला जे अवयव आहेत तेच इथेही आहेत. नोझल जिथे घालतो ते तोंड. तोंडाखालचा निमुळता भाग म्हणजे गळा. तिथून टाकीपर्यंत जाते ती नळी, गॅरेजात तिला पाइप म्हणतात. वर झाकण. तुम्ही नेमकं काय नवीन करताय ते सांगा, शब्द आपोआप मिळेल. ‘गळा’ इथे फार चपखल आहे. अमेरिकेत १९७५ पासून अनलेडेड (शिसं नसलेल्या) पेट्रोलच्या गाड्यांना मुद्दाम अरुंद गळा दिला, म्हणजे जुन्या पेट्रोलचं जाड नोझल त्यात शिरूच नये.

आणि क्रियापद! ‘फिलर बसवणे’ मला खटकतं. भिंतीत आपण खिडकी ‘बसवतो’ तेव्हा चौकट बसवतो. पण जिथे काहीच नव्हतं तिथे खिडकी ‘काढतो’. “मागच्या बाजूने एक दार काढलंय” हे प्रत्येक घरात ऐकलेलं वाक्य आहे. तसंच, “टाकी मागे नेली आणि तिला नवीन तोंड काढलं.” वस्तू विकत आणली तरी काम काढण्याचंच आहे.

प्रश्नकर्ती:
‘तोंड काढलं’ वाचून एकदम हायसं वाटलं. मग तपशीलच सांगते. आमच्यापुढे दोन जागा होत्या. एक, मागच्या बाजूच्या पत्र्यात दार कापून. पण तो रंगवलेला जुना पत्रा कापायला हात धजावत नाही. दुसरी, मागे माल ठेवतात त्या लाकडी फळ्यांच्या तळात, फळीच्या पातळीत बसणारं चपटं झाकण. ही जागा टाकीच्या जवळजवळ डोक्यावर येते, त्यामुळे नळी आखूड होते आणि उतार सरळ मिळतो. आम्ही हीच निवडली. वाईट एवढंच की माल भरला की तोंड झाकलं जातं, आणि पाऊस थेट झाकणावर.

प्रतिसाद:
मी सांगलीचा. तुम्ही वर्णन केलंत ते म्हणजे पेव! हरिपूरला हळदीची पेवं होती. सगळा साठा जमिनीखाली, वर फक्त माणूस उतरेल एवढं तोंड, आणि ते जमिनीच्या पातळीत बंद केलेलं. तिथेही शत्रू पाणीच. २००५ च्या महापुरात फार नुकसान झालं. आम्ही ‘पेवाचं तोंड’च म्हणतो, त्यामुळे तुमच्या टाकीलाही तोंडच शोभेल. फक्त झाकणाखालचा रबरी वायसर चांगला घ्या आणि कडेला साचलेलं पाणी खाली जायला वाट ठेवा.

प्रतिसाद:
“मागे माल ठेवतात त्या” असं लांबण का लावता? त्याला ‘हौदा’ हा पक्का शब्द आहे. टेम्पोचा हौदा, ट्रॉलीचा हौदा रोज बोलतो आपण. तो हत्तीवरच्या हौद्यातून आला. पाण्याचा ‘हौद’ निराळा, अरबी ‘हौज’वरून आलेला. म्हणून ‘हौद्याखाली टाकी’ लिहिताना ‘द्या’ सांभाळा, नाहीतर वाचणारा हौदातली टाकी शोधत बसेल.

‘टाकी’ तर आपलीच. गडावरचं कातळात खोदलेलं टाकं, शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी, तेच हे घराणं. इंग्रजी ‘टँक’चं मूळ शोधणारेही गुजराती-मराठीतल्या या शब्दांकडे आणि पोर्तुगीज ‘तांक’कडे बोट दाखवतात. तेव्हा ‘टँक’ लिहायची काहीच गरज नाही.

प्रश्नकर्ती:
हौदा! शब्द माहीत होता, आठवत नव्हता. अजून एक विचारते. पेट्रोल आत जाताना आतली हवा बाहेर यायला हवी, नाहीतर पेट्रोल गळ्यात तुंबतं आणि पंपाचं नोझल टाकी भरल्यासारखं खटकन बंद होतं. त्यासाठी दुसरी बारीक नळी तोंडापर्यंत आणतात. शिवाय टाकी चासीला आणि तोंड हौद्याला. दोन्ही वेगवेगळे हलतात, म्हणून मधली नळी पेट्रोल सोसणाऱ्या रबराची लागते. रबरातून वीज वाहत नाही, म्हणून धातूचं तोंड तारेने चासीला जोडायचं, म्हणजे भरताना ठिणगीचं भय नको. त्या बारीक नळीला काय म्हणू?

प्रतिसाद:
हवेची नळी.

प्रश्नकर्ती:
काल रात्री बाबांना पाठवलेलं वाक्य: “पेट्रोलची टाकी केबिनमधून काढून हौद्याखाली चासीत बसवली, आणि हौद्याच्या तळात तिला नवीन तोंड काढलं.” सकाळी उत्तर आलं: “बरं केलं. हवेची नळी वळवताना मध्ये खोलगट भाग ठेवू नका, तिथे पेट्रोल साचून हवा अडते.”