तुमच्या ओळखीचा विजय कोणता?

माझा जन्म जानेवारी 1962 चा, बार्देशातला. गोवा मुक्त होऊन महिनाही झाला नव्हता. आमच्यात थोरल्या मुलाला पणजोबांचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे विठ्ठल हे नाव मी जन्मायच्या आधीच ठरलेलं. पण बाबांच्या डोक्यात रेडिओवरच्या बातम्या बसल्या होत्या. 451 वर्षांचं पोर्तुगीज राज्य ज्या कारवाईनं दोन दिवसांत आटोपलं, तिचं नाव 'ऑपरेशन विजय'. बारशाला आजोबा आणि बाबा सोप्यावर वाद घालत बसले, तोवर आत्येनं पाळण्यात वाकून माझ्या कानात 'विजय' म्हणून टाकलं.

पुढे अकरा वर्षांनी हे नाव हातचं गेलं. 1973 मध्ये 'जंजीर' आला, त्यातला इन्स्पेक्टर विजय. मग 'दीवार', 'त्रिशूल', 'डॉन', 'काला पत्थर', 'शान', 'शक्ती'. लेखक सलीम-जावेद, नट अमिताभ, नाव विजय. 'शोले'त तेवढा जय, म्हणजे वि गाळून. आणि गंमत बघा, अमिताभचा पहिला सिनेमा 'सात हिंदुस्तानी' (1969) गोवामुक्तीवरच. सात जण गोव्यात तिरंगा लावतात. तिथे मात्र तो विजय नाही, अन्वर अली!

तर धागा यासाठी. नायकाचं नाव एकच, गोष्टी वेगवेगळ्या, असं काही तुमच्या पाहण्यात, वाचण्यात, वाट्याला आलं असेल तर लिहा. विजयच पाहिजे असं नाही.

डिचोलीहून

'काला पत्थर' मी तीनदा पाहिला, तिन्ही वेळा वेगळ्या माणसाबरोबर.

पहिल्यांदा वडिलांबरोबर. ते लोखंडाच्या खाणीवर मशीन शॉपमध्ये. सिनेमातली खाण कोळशाची, जमिनीखालची. 1975 च्या डिसेंबरात चासनाला इथे खाणीत पाणी घुसून साडेतीनशेहून जास्त माणसं गेली, त्यावरून सुचलेली गोष्ट. वडील अर्धा सिनेमा मला हळू आवाजात समजावत होते, 'आपली खाण उघडी, आपल्याकडे असं होत नाही.' पण उघड्या खाणीतही पावसाळ्यात तळाशी तळं साचतं. पंप रात्रंदिवस चालतात. जोराचा पाऊस लागला की रात्रपाळीच्या माणसाला निरोप यायचा आणि वडील रेनकोट चढवून निघायचे. सिनेमात पाणी घुसलं तेव्हा त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली ती सोडलीच नाही.

दुसऱ्यांदा वास्कोच्या मामांबरोबर. मामा तारवटी, जन्म बोटीवर गेला. त्यांना खाणीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यातला विजय आधी जहाजाचा कप्तान असतो, वादळात प्रवाशांना टाकून स्वतः उतरतो आणि ती लाज घेऊन कोळसा खणायला येतो. मामा एवढंच म्हणाले, 'कप्तानानं आधी उतरायचं नसतं रे.' मग घरी येईपर्यंत गप्प. आमच्या मामीच्या म्हणण्यानं त्यांच्याही बोटीवर कधीतरी काहीतरी घडलं होतं. आम्ही कधी विचारलं नाही.

तिसऱ्यांदा मुलाबरोबर, टीव्हीवर. तो म्हणाला, फार लांबला.

मडगावहून

विजय नाही, प्रेम. सूरज बडजात्यांच्या सिनेमात नायक बहुधा प्रेमच असतो. सलमान असो की 'विवाह'मधला शाहिद, नाव ठरलेलं. 'मैं प्रेम की दीवानी हूँ' (2003) मध्ये तर दोन प्रेम! स्थळ म्हणून यायचा तो एक, येतो दुसरा, आणि मुलगी भलत्याच्याच प्रेमात पडते. लोक हसले, असं कुठे असतं का म्हणाले. मी नाही हसले. आमच्या वाड्यावर दोन प्रकाश. मला बघायला यायचं होतं एकाच्या घरच्यांनी, निरोप देणारा गेला दुसऱ्याकडे. ते बिचारे नीट तयार होऊन, पेढे घेऊन आले. आईनं चहा, शिरा सगळं दिलं आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं. लग्न कोणाशी झालं ते सांगत नाही, नवरा हा धागा वाचतो.

एक विसरलंच. 'बॉबी'त प्रेम हे नाव खलनायकाचं आहे. बॉबी म्हणजे आपल्या गोव्याच्या ब्रागांझाची मुलगी, आणि तिला पळवणारा प्रेम. सोळा वर्षांनी 'मैंने प्यार किया' आला आणि तेच नाव एकदम सोवळं झालं.

फोंड्याहून

सिनेमा सोडून नाटकाचं सांगतो, चालेल ना? आमच्या देवळाच्या जत्रेला दरवर्षी नाटक. मी तीन वेगवेगळ्या वर्षी तीन संभाजी केले. 'बेबंदशाही'तला, 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला आणि 'इथे ओशाळला मृत्यू'मधला.

नाव एक, माणूस एक, पण तालमीत उभं राहिलं की कळतं, तिघांची पाठसुद्धा एकसारखी नाही. 'रायगडाला'चा संभाजी बापासमोर उभा असतो, सारखा काहीतरी सिद्ध करत असल्यासारखा. 'इथे ओशाळला'मधल्याला सिद्ध करायला काही उरलेलंच नाही. मी पहिल्या वर्षाची ऐट तिसऱ्या वर्षी घेऊन गेलो, तर दिग्दर्शक सर सगळ्यांसमोर म्हणाले, 'अरे, तो वारला तुझा, आता हा कर.'

जिरेटोप मात्र तिन्ही वर्षी तोच, भाड्याचा. माझ्या डोक्याला मोठा. आत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबायचो. साखळदंड भाड्यानं मिळाले ते हलके, पत्र्याचे, खुळखुळ्यासारखे वाजायचे. मग शेजारच्या गोठ्यातून खऱ्या साखळ्या आणल्या. प्रयोगाला त्यांना शेणाचा वास येत होता आणि माझं मनगट सोललं. पुढच्या रांगेतली माझी आजी रडायला लागली. नंतर विचारलं तर म्हणे, 'आमच्या म्हशीची साखळी ती, ओळखली मी.'

फोंड्यात संभाजी करणं सोपंही आहे आणि अवघडही. 1683 मध्ये व्हिसेरैनं, म्हणजे गोव्याच्या पोर्तुगीज कारभाऱ्यानं, इथल्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा राजे स्वतः धावून आले होते. त्यामुळे एंट्रीलाच टाळ्या पडतात. आपण काही करायच्या आधी.

मंगेशीजवळून

मी विजय. वडील दीनानाथ. आजोबांना नाट्यसंगीताचं वेड, मास्टर दीनानाथ मंगेशकर आमच्याच मंगेशीचे, म्हणून मुलाचं नाव दीनानाथ. इतकं साधं आहे. पण 1990 मध्ये 'अग्निपथ' आला आणि त्यात नायक विजय दीनानाथ चौहान. तेव्हा मी कॉलेजात होतो. तेव्हापासून बँकेत, दाखल्याच्या रांगेत, पासपोर्टला, कुठेही नाव सांगितलं की समोरचा आवाज खर्जात नेऊन पूर्ण नाव, बापाचं नाव, गावाचं नाव असं सगळं म्हणून दाखवतो. 2012 मध्ये हृतिकचा आला. मला वाटलं होतं आता नवीन पिढी विसरली असेल. बापाचं नाव बदलता आलं असतं त्यांना. नाही बदललं.

वाळपईहून

माझं नाव विजय नाही. पण 2015 पासून गाव मला विजय म्हणतं, कारण माझा धंदा केबलचा.

'दृश्यम' ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: विजय साळगावकर, चौथी नापास, गोव्यात केबल चालवतो, सिनेमे बघून बघून एवढा तयार झालेला की पोलीस खातं हात टेकतं. माझ्याकडे कोणी आलं की पहिला प्रश्न, '2 ऑक्टोबरला कुठे होतास?' आउटपोस्टवर वीजबिलाचा कागद झेरॉक्स करायला गेलो तरी हवालदार तेच विचारतो. पणजीला गेलो तर येताना पावभाजीचं बिल आणलंस का म्हणतात.

त्यांना कोणी सांगावं, केबलवाल्याला सिनेमा बघायला वेळ नसतो. माझ्या वायरी माडांवरून आणि आंब्यांवरून गेलेल्या. मृग लागला की पहिल्या वाऱ्यात झावळ पडते, वायर तुटते. माकडं तर झोके घेतात. क्रिकेटची मॅच चालू असताना तुटली की शिव्या आधी येतात, फोन नंतर. शिडी, कटर, टेप, जॉइंट, पुन्हा शिडी. रात्री घरी येतो तेव्हा घरचे सिरीयल बघत असतात आणि मला झोप लागते. खून लपवायचं सोडा, एवढ्या माणसांत मला माझी शिडी लपवता येत नाही, कोणीतरी नारळ काढायला घेऊन जातं.

म्हापशाहून, थोडक्यात

'क्वीन'मधला विजय आठवतो का? लग्नाच्या तोंडावर मुलीला नकार देणारा. ती एकटीच हनिमूनला निघून जाते आणि शेवटी अंगठी परत करते. माझ्या मते त्या नावाला एवढ्या वर्षांत मिळालेली सगळ्यात योग्य भूमिका.

पुन्हा मी

वाळपईकरांना एक सांगतो. तुमचा साळगावकर फक्त हिंदीत विजय आहे. मूळ मल्याळममध्ये तो जॉर्जकुट्टी, तेलुगूत रामबाबू, कन्नडात राजेंद्र, तमिळमध्ये सुयंबुलिंगम. गोष्ट तीच, गावागणिक बारसं नवं. हिंदीत आणताना गोवा निवडला आणि त्याला विजय केलं. करणाऱ्यांच्या मनात अमिताभ असेल. माझ्या मनात बाबांचा रेडिओ.

आणि या सगळ्यांच्या आधीचा विजय कोणी लिहिला नाही. 'प्यासा', 1957, गुरुदत्त. तिथे तो कवी. मेला असं समजून लोक त्याचं पुस्तक डोक्यावर घेतात, सभा भरवतात, आणि तो स्वतः त्या सभेत उभा राहून सांगतो की मी तो विजय नव्हे.

मी तो सिनेमा उशिरा पाहिला, चाळिशीत, आणि खुर्चीत हललो. कारण बारशाची गोष्ट वर अर्धीच सांगितली. आत्येनं कानात विजय म्हटलं खरं, पण जन्माची नोंद करायला गेले ते आजोबा. कागदावर मी विठ्ठल. शाळेत विठ्ठल, आधारवर विठ्ठल. मागच्या महिन्यात बाबांच्या खात्यावर वारस म्हणून नाव लावायला बँकेत गेलो. बाबांनी फॉर्मवर स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं, विजय. काउंटरवरच्या मुलीनं माझं कार्ड पाहिलं, फॉर्म पाहिला आणि फार नम्रपणे म्हणाली, 'काका, पण तुम्ही विजय नाही.'

प्रतिज्ञापत्र करून आणा म्हणाली. उद्या जायचंय.