दोन्ही बाजूंत ३ मिळवले, तर आकृती प्रमाणात का राहत नाही?

सातवीची_आई:
मुलीचा स्केल फॅक्टरचा गृहपाठ चालू आहे. ५ सेमी × ८ सेमी आयताची मोठी प्रत काढायची, लहान बाजू ८ सेमी हवी. तिने ८ × ११ काढला. म्हणते, "दोन्ही बाजू ३-३ नेच वाढल्या, मग सारख्याच वाढल्या ना?" ५ चे ८ व्हायला १.६ ने गुणावं लागतं, म्हणून दुसरी बाजू १२.८, हे गणित तिला येतं. पण मिळवलेलं का चालत नाही, ते पटत नाही. "नियमच आहे तसा" असं सांगून मला तिला गप्प करायचं नाही. कसं समजावू?

आलेखवही:
ताई, मुलीची शंका रास्त आहे. मी गणित शिकवतो आणि माझं स्पष्ट मत आहे की या धड्याची सुरुवात आयताने करूच नये. आयताचे सगळे कोन ९० अंशांचे. बाजूंत काहीही मिळवा, निघतो तो आयतच, त्यामुळे बिघडलेलं डोळ्याला दिसतच नाही.

तिला आलेख कागदावर एल अक्षराचा आकार काढायला सांगा. एका बिंदूपासून उजवीकडे ५ घरं, वर २, डावीकडे ३, वर ४, डावीकडे २, खाली ६. आकृती बरोबर बंद होते. आता प्रत्येक बाजूत ३ मिळवून त्याच क्रमाने जाऊ द्या: ८, ५, ६, ७, ५, ९. शेवटचं टोक सुरुवातीच्या बिंदूला येऊन मिळतच नाही. ३ घरं डावीकडे आणि ३ घरं वर राहतं!

का, ते तिलाच शोधू द्या. तळाची ५ ची बाजू म्हणजे वरच्या २ आणि ३ ची बेरीज. त्या दोन तुकड्यांना मिळून ६ मिळाले, तळाला मात्र ३ च. २ ने गुणलं तर ४ आणि ६ मिळून १०, आणि तळही १०. गुणाकार बेरजेला धक्का लावत नाही, म्हणून आकृती टिकते.

कर्णरेषा:
आयतावरच पटवायचं असेल तर दोन्ही आयत एकाच कोपऱ्यात ठेवून काढा आणि लहान आयताचा कर्ण पुढे वाढवा. ८ × १२.८ च्या कोपऱ्यातून तो नेमका जातो, ८ × ११ चा कोपरा चुकतो. किंवा ३ ऐवजी १०० मिळवायला सांगा. १०५ × १०८, जवळजवळ चौरसच झाला की.

सातवीची_आई:
एल काढला. टोक जुळेना म्हणून आधी ती घरं पुन्हा मोजत बसली, मग एकदम म्हणाली, "अगं, तुकड्यांना जास्त मिळालं!" मनापासून आभार, सर. आता तिचा पुढचा प्रश्न: मग क्षेत्रफळही १.६ पट का?

आलेखवही:
नाही, लांबीही १.६ पट, रुंदीही १.६ पट, म्हणून १.६ × १.६ = २.५६ पट. ४० चौ. सेमीचे १०२.४ होतात, तिला पडताळू द्या. झेरॉक्स मशीनवर ए३ चा ए४ करताना ७१ टक्के असतं ते याचमुळे: ०.७१ × ०.७१ म्हणजे जवळपास ०.५, आणि ए४ हा ए३ च्या निम्माच कागद.